शॉर्टकट नेमका कुठे बसवावा: कीबोर्ड आणि ऑटोमेशन आपल्या सोयीने लावण्याची पद्धत

संगणकावर स्वतःचे शॉर्टकट बसवू पाहणाऱ्याला साधनांची वाण नसते; साधने भरपूर आहेत आणि बहुधा तीच अडचण होऊन बसते. कॅप्स लॉकची कळ कंट्रोलसारखी वापरायची एवढेच जरी मनात असले, तरी ते कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (म्हणजे कीबोर्डच्या आतच चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये), ऑपरेटिंग सिस्टीमच्या सेटिंग्जमध्ये, विंडोजच्या रजिस्ट्रीत (म्हणजे तिच्या अंतर्गत नोंदवहीत), पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचात किंवा ऑटोहॉटकी या ऑटोमेशन साधनाच्या स्क्रिप्टमध्ये अशा कोणत्याही ठिकाणी करता येते, आणि त्यांपैकी दोन ठिकाणी एकाच वेळी केले की कोणता बदल लागू आहे आणि कोणता नाही याचा थांग लागत नाही. म्हणून येथे साधनांची जंत्री न देता एकच प्रश्न सतत समोर ठेवला आहे: दाबलेली कळ कोणत्या पातळीवर अडवायची? त्याचे उत्तर ठरले की साधन ठरते, आणि पुढे काही बिघडले तर शोध कुठून सुरू करायचा हेही कळते.

कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत

कळ दाबली की कीबोर्डमधला नियंत्रक त्या कळीचा एक क्रमांक संगणकाकडे पाठवतो. हा क्रमांक कळीच्या जागेचा असतो, अक्षराचा नव्हे. त्याला कोणते अक्षर जोडायचे हे ऑपरेटिंग सिस्टीममध्ये निवडलेली मांडणी ठरवते, आणि म्हणूनच एकाच कीबोर्डवर इंग्रजी आणि इन्स्क्रिप्ट मराठी दोन्ही टंकता येतात. लॅपटॉपवरच्या एफएन कळीचे काम बहुतेक वेळा या पहिल्याच पातळीवर संपते. ती दाबल्याची खबर ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरने ती बदलण्याचा खटाटोप सहसा व्यर्थ जातो. याउलट काही नव्या लॅपटॉपवर आलेली कोपायलटची कळ नवी दिसत असली, तरी ती आतून विंडोज, शिफ्ट आणि एफ२३ या तीन कळांचा संयोग पाठवते, आणि म्हणून ती बदलता येते.

यापुढची पातळी ऑपरेटिंग सिस्टीमची. काही संयोग तिने स्वतःसाठी राखून ठेवलेले असतात. विंडोजमध्ये कंट्रोल-आल्ट-डिलीट आणि विंडोज-एल हे दोन संयोग पॉवरटॉइजला बदलता येत नाहीत आणि ते सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे, कारण पासवर्ड मागणारा पडदा खरा आहे याची खात्री त्यावर अवलंबून असते. त्यानंतर पॉवरटॉइज, ऑटोहॉटकी यांसारखे पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्रॅम येतात, जे प्रत्येक कळ इतरांच्या आधी पाहू शकतात. सर्वांत शेवटी कळ समोर उघड्या असलेल्या प्रोग्रॅमच्या हाती पडते.

विंडोजपुरते दोन नियम येथे लक्षात ठेवले तर पुढचे अनेक गोंधळ टळतात. एखाद्या प्रोग्रॅमने रीतसर नोंदवलेल्या जागतिक शॉर्टकटवर, म्हणजे समोर कोणताही प्रोग्रॅम असला तरी चालणाऱ्या शॉर्टकटवर, आधी नोंदवणाऱ्याचा हक्क असतो. नंतर आलेल्या प्रोग्रॅमची नोंदणी फसते, आणि कित्येक प्रोग्रॅम ही गोष्ट वापरणाऱ्याला सांगतही नाहीत. कळांवर थेट पाळत ठेवणाऱ्या साधनांचे मात्र नेमके उलटे असते: जे साधन शेवटी सुरू झाले, त्याला कळ सर्वांत आधी दिसते. एकाच कळीवर अशा दोन साधनांनी दावा सांगितला असेल, तर काल चाललेला शॉर्टकट आज संगणक पुन्हा सुरू केल्यावर वेगळा वागतो, कारण दोघांचा सुरू होण्याचा क्रम बदललेला असतो. एका कळीची जबाबदारी एकाच साधनाकडे द्यावी.

काम प्रोग्रॅमच्या आत भागत असेल तर तिथेच भागवावे. शॉर्टकट फक्त वर्डमध्ये हवा असेल तर तो वर्डमध्येच बसवावा, कारण तिथे चूक झाली तरी तिचा उपद्रव त्या प्रोग्रॅमबाहेर जात नाही. अनेक प्रोग्रॅममध्ये तोच हवा असेल तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या सेटिंग्जकडे वळावे. तिथेही सोय नसेल तरच वेगळे साधन आणावे.

कोणती कामे निवडावीत

शॉर्टकट बसवण्याआधी दोनतीन दिवस शेजारी कागद ठेवून, हात माऊसकडे कशासाठी जातो याची नोंद करावी. जे काम दिवसातून अनेकदा होते आणि दर वेळी तंतोतंत सारखेच होते, ते शॉर्टकटला योग्य. महिन्यातून एकदा होणाऱ्या कामाचा शॉर्टकट लक्षात राहत नाही; त्याला शोधपट्टी किंवा मेन्यूच बरा. एका वेळी तीनचारपेक्षा जास्त नवे शॉर्टकट घेऊ नयेत, आणि ते बोटांत बसल्याशिवाय पुढच्यांना हात घालू नये.

त्याआधी एक गोष्ट तपासून पाहावी, ती म्हणजे हवी असलेली सोय आधीच अस्तित्वात आहे का. विंडोज कळीबरोबर १ ते ९ यांपैकी अंक दाबला की टास्कबारवरचा त्या क्रमांकाचा प्रोग्रॅम उघडतो किंवा समोर येतो. टास्कबारवर नेहमीचे प्रोग्रॅम कायमच्या क्रमाने लावून ठेवले तर ‘प्रोग्रॅम उघडण्याचे शॉर्टकट’ ही निम्मी गरज तिथेच संपते. विंडोज-व्ही दाबल्यावर आधी कॉपी केलेल्या मजकुरांची यादी दिसते, आणि ही सोय २०१८ पासून विंडोज १० मध्येही आहे. फक्त ती एकदा सुरू करावी लागते. अशा सोयींसाठी वेगळे सॉफ्टवेअर बसवलेले अनेकांच्या संगणकावर आढळते.

प्रोग्रॅमच्या आतले शॉर्टकट

वर्डचे उदाहरण घेऊ. संपादनाचे काम करणाऱ्याला ‘सुचवलेला बदल स्वीकारून पुढच्या बदलावर जा’ ही आज्ञा एका मसुद्यात शेकडो वेळा द्यावी लागते, आणि दर वेळी रिव्ह्यू टॅबवरच्या बटणापर्यंत जाणे हा निव्वळ अपव्यय असतो. फाइल मेन्यूतून ऑप्शन्स, तिथून कस्टमाइज रिबन असे गेले की यादीच्या खाली ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’ या शब्दांशेजारी कस्टमाइजचे बटण दिसते. उघडलेल्या चौकटीत डावीकडे गट आणि उजवीकडे त्या गटातल्या आज्ञा असतात. आज्ञा निवडावी, नव्या शॉर्टकटच्या रकान्यात कर्सर ठेवावा आणि हवा तो संयोग प्रत्यक्ष दाबावा. यानंतर असाइन दाबण्याची घाई करू नये. रकान्याखाली लगेच एक ओळ उमटते: हा संयोग सध्या कोणत्या आज्ञेकडे आहे. तो कोणाकडेच नसेल तर उत्तम; असेल तर ती आज्ञा आपल्याला खरोखर नको आहे ना, हे ठरवूनच पुढे जावे. हा बदल सर्व दस्तऐवजांसाठी ठेवायचा की समोरच्या एकासाठी, हेही त्याच चौकटीत निवडता येते, आणि सर्वांसाठी निवडल्यास तो वर्डच्या नॉर्मल टेम्प्लेटमध्ये साठवला जातो. संगणक बदलताना ही टेम्प्लेट फाइल बरोबर न्यावी, नाहीतर सगळे शॉर्टकट मागे राहतात.

लिबरऑफिसमध्ये हीच सोय टूल्स मेन्यूतील कस्टमाइजमध्ये, कीबोर्ड या टॅबवर आहे. एक्सेलमध्ये अशी चौकट नाही. तिथे नेहमीच्या आज्ञा क्विक ॲक्सेस टूलबारवर आणाव्यात, म्हणजे आल्टबरोबर त्यांचा क्रमांक दाबून त्या चालवता येतात. कोड लिहिण्याच्या व्हीएस कोड या संपादकात कंट्रोल-के आणि पाठोपाठ कंट्रोल-एस दाबले की सर्व शॉर्टकटांची शोधता येणारी यादी उघडते. तिथल्या प्रत्येक शॉर्टकटला ‘केव्हा लागू’ अशी अट जोडता येते, आणि त्यामुळे एकच संयोग संपादकात एक आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीत) दुसरे काम करू शकतो. क्रोमच्या एक्स्टेन्शनांचे शॉर्टकट एक्स्टेन्शन्सच्या पानावर डावीकडच्या मेन्यूत, तर फायरफॉक्सचे ॲड-ऑन्सच्या पानावरील दातेरी चाकाच्या चिन्हाखाली मिळतात.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या सेटिंग्ज

मॅकओएसची या बाबतीतली सोय विंडोज आणि लिनक्स या दोन्हींपेक्षा सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सिस्टीम सेटिंग्जमधील कीबोर्ड विभागात कीबोर्ड शॉर्टकट्स आणि त्यात ॲप शॉर्टकट्स असा भाग आहे. कोणत्याही प्रोग्रॅमच्या मेन्यूत असलेल्या कोणत्याही आज्ञेला तिथून शॉर्टकट देता येतो. त्यासाठी त्या प्रोग्रॅमने वेगळी व्यवस्था केलेली असण्याची गरज नाही. अट एकच, पण ती कडक आहे: मेन्यूतले नाव अक्षरशः तसेच टंकले पाहिजे, शेवटचे तीन टिंबही सोडता कामा नये, आणि प्रोग्रॅम ज्या भाषेत मेन्यू दाखवतो त्याच भाषेत ते लिहिले पाहिजे. एकाच नावाची आज्ञा दोन मेन्यूंत असेल तर आधी मेन्यूचे नाव, मग -> हे चिन्ह आणि मग आज्ञेचे नाव असा पूर्ण मार्ग द्यावा. शॉर्टकट लागत नसेल तर बहुतेक वेळा या नावातच एखादे अक्षर चुकलेले असते.

विंडोजमध्ये प्रोग्रॅमच्या शॉर्टकट फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शॉर्टकट की’ नावाचा रकाना असतो. त्यात नुसते एक अक्षर दाबले की विंडोज त्याआधी कंट्रोल-आल्ट आपणहून जोडते. ही फाइल डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेन्यूत असेल तरच ही युक्ती चालते. ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की शॉर्टकट मुकाट्याने बंद पडतो. शिवाय ज्या मांडणीत उजवीकडची आल्ट कळ ‘आल्ट-जीआर’ म्हणून जादा चिन्हांसाठी वापरली जाते, तिथे विंडोज त्या कळीला कंट्रोल आणि आल्ट एकत्र दाबल्यासारखे मानते. इंग्रजी-इंडिया मांडणीत ₹ हे चिन्ह आल्ट-जीआर आणि ४ यांनी उमटते. तेव्हा कंट्रोल-आल्ट-४ वर एखादा प्रोग्रॅम बसवला तर चिन्हाऐवजी तो प्रोग्रॅम उघडू लागतो. भारतीय भाषांत टंकणाऱ्यांनी कंट्रोल-आल्टचे संयोग म्हणूनच जपून वापरावेत.

लिनक्सवर ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्ड विभागाच्या शेवटी स्वतःच्या शॉर्टकटांची यादी करता येते, आणि केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्येही शॉर्टकट्स हा स्वतंत्र विभाग आहे. ग्नोममध्ये दिलेली आज्ञा शेलमधून, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा समजून घेणाऱ्या प्रोग्रॅममधून, चालत नाही, त्यामुळे टर्मिनलमध्ये नीट चालणारी, एका आज्ञेचे फलित दुसरीकडे नेणारी लांबलचक ओळ तिथे चिकटवली तर काहीच घडत नाही. ती ओळ एका स्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवून त्या फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा.

कळीचे काम बदलणे

बहुतेक जण सुरुवात कॅप्स लॉकपासून करतात, आणि ते रास्त आहे: डाव्या करंगळीच्या ऐन शेजारची ही मोक्याची जागा एका क्वचित लागणाऱ्या कळीने अडवलेली आहे. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर ‘ए’च्या डावीकडे कंट्रोल कळच होती, कॅप्स लॉक तिथे नंतरच्या मांडणीत आले. कॅप्स लॉकला कंट्रोल करणे हा त्या अर्थाने नवा प्रयोग नाही.

मॅकओएसमध्ये हे कीबोर्ड शॉर्टकट्सच्याच चौकटीत, मॉडिफायर कीज या भागात होते; मात्र प्रत्येक कीबोर्डसाठी ते वेगवेगळे करावे लागते, त्यामुळे बाहेरचा कीबोर्ड जोडल्यावर बदल नाहीसा झाल्यासारखा वाटतो. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचे मोफत आणि मुक्तस्रोत पॉवरटॉइज पुरेसे आहे. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये एक कळ दुसरीच्या जागी बसवता येते, संपूर्ण संयोग बदलता येतो आणि तो बदल एखाद्याच प्रोग्रॅमपुरता मर्यादितही ठेवता येतो. हा बदल पॉवरटॉइज चालू असेपर्यंतच टिकतो, आणि लॉग-इनच्या पडद्यावर तो लागू नसतो. ज्यांच्या पासवर्डमध्ये बदललेली कळ येते त्यांनी हे विसरू नये. बदल तिथेही हवा असेल तर रजिस्ट्रीतील ‘स्कॅनकोड मॅप’ची नोंद हा मार्ग आहे. ती नोंद हाताने भरण्यापेक्षा शार्पकीज हे छोटे मोफत साधन वापरणे सुरक्षित, आणि नोंद केल्यावर संगणक पुन्हा सुरू करणे आवश्यक असते.

लिनक्सवर येथे एक पेच आहे. पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या जुन्या एक्स११ पद्धतीत कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कळा पाहू शकत असे. तिच्या जागी आलेल्या वेलँडने सुरक्षेसाठी ती मुभा काढून घेतली, आणि त्यामुळे ऑटोकी, एक्सडूटूल या साधनांवर बेतलेल्या जुन्या मार्गदर्शिका लिनक्सच्या नव्या वितरणांवर निरुपयोगी ठरतात. कीडी किंवा कनाटा यांसारखी साधने ग्राफिक्सच्या खालच्या पातळीवर कळ पकडतात, त्यामुळे ती दोन्हीकडे चालतात. कीडीच्या कर्त्याने एक शहाणपणाची सोय ठेवली आहे: बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर या तिन्ही कळा एकत्र दाबल्या की ते लगेच बंद होते. चुकीच्या नियमामुळे कीबोर्डच निकामी झाला, तर हीच वाट उरते. इतर साधनांसह प्रयोग करताना पडद्यावरचा कीबोर्ड कसा उघडतो हे आधी पाहून ठेवावे, म्हणजे माऊसने तरी पासवर्ड भरता येतो.

मॅकवर याहून बारीक बदल हवे असतील तर कॅराबिनर-एलिमेंट्स आहे. त्यात एकच कळ नुसती टिचकी मारल्यास एस्केप आणि दुसऱ्या कळीबरोबर धरून ठेवल्यास कंट्रोल अशी दुहेरी कामे करू शकते. असे दुहेरी काम कॅप्स लॉकला द्यावे, पण अक्षरांच्या कळांना देऊ नये. वेगाने टंकताना एक कळ सुटण्याआधी दुसरी दाबली जाते आणि अक्षरांऐवजी आज्ञा सुटू लागतात.

कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि विंडोज या चारही कळा एकाच कळीला जोडून एक ‘राखीव’ कळ बनवण्याची कल्पना मॅकच्या जगातून आली आहे. विंडोजवर ती जशीच्या तशी उचलू नये. तिथे या चार कळांचा संयोग मायक्रोसॉफ्टने ऑफिसला दिलेला आहे: त्यात डब्ल्यू मिळवला की वर्ड आणि एक्स मिळवला की एक्सेल उघडते. त्याऐवजी कॅप्स लॉकला एफ१३ करावे. एफ१३ ते एफ२४ या कळा आजच्या बहुतेक कीबोर्डांवर नसतात, पण विंडोजला त्या ठाऊक असतात, आणि म्हणून त्यांच्याशी कोणाचा सहसा तंटा होत नाही.

थोडक्यात लिहून पूर्ण मजकूर मिळवणे

कळांच्या अदलाबदलीपेक्षाही अधिक वेळ वाचतो तो ठरावीक मजकूर आपोआप विस्तारण्याने. पत्राचा मायना, नेहमीची उत्तरे, बँकेच्या फॉर्मांत लागणारा पत्ता, आजची तारीख अशा मजकुराला एक संक्षेप ठरवून द्यावा. मॅकओएसमध्ये याची साधी सोय कीबोर्ड सेटिंग्जमधील टेक्स्ट रिप्लेसमेंट्स या नावाखाली आहे. तिन्ही सिस्टीमवर चालणारे मोफत साधन हवे असेल तर एस्पान्सो आहे. त्यातला सगळा मजकूर साध्या मजकूर फाइलमध्ये राहतो आणि तारखेसारख्या बदलत्या गोष्टीही त्याला भरता येतात.

विंडोजवर ऑटोहॉटकी असेल तर एका ओळीत काम होते:

::सनविवि::सप्रेम नमस्कार विनंती विशेष

दोन वेळा अपूर्णविराम, संक्षेप, पुन्हा दोन वेळा अपूर्णविराम आणि पूर्ण मजकूर, एवढीच तिची रचना आहे. सनविवि टंकून स्पेस किंवा एंटर दाबले की संक्षेप पुसला जाऊन मजकूर येतो. स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ या सर्व लिपी साठवू शकणाऱ्या पद्धतीत साठवलेली असावी, अन्यथा देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. संक्षेप निवडताना तो एखाद्या खऱ्या शब्दाचा भाग नाही याची खात्री करावी. ‘नम’ असा संक्षेप ठेवला तर नको त्या ठिकाणी तो सुटण्याची भीती असते, ‘सनविवि’ला ती नाही. इंग्रजी अक्षरांत संक्षेप ठेवणाऱ्यांनी आधी एखादे विरामचिन्ह जोडण्याची पद्धत पाळावी.

देवनागरीबाबत एक मर्यादा सांगितली पाहिजे. इन्स्क्रिप्टसारख्या मांडणीत कळ दाबताच अक्षर ठरते, त्यामुळे संक्षेप ओळखणे साधनाला सोपे जाते. उच्चारानुसार टंकण्याच्या पद्धतीत मात्र रोमन अक्षरे आधी गोळा होतात आणि मग शब्द बनतो; विस्तारक साधन आणि ही टंकनपद्धती दोन्ही एकाच वेळी तोच शब्द बदलू पाहतात आणि मजकूर अर्धवट पुसला जातो. अशा वेळी विस्तारासाठी एखादा कळसंयोग वापरावा किंवा संक्षेप इंग्रजी मांडणीत असतानाच टंकावा.

पासवर्ड, बँक खात्याचे तपशील किंवा ओळखपत्रांचे क्रमांक विस्तारकात कधीही ठेवू नयेत. या फाइली साध्या मजकुराच्या असतात आणि संगणक हाताळणारा कोणीही त्या वाचू शकतो. पासवर्डसाठी पासवर्ड मॅनेजरच वापरावा.

एकापेक्षा जास्त पायऱ्यांची कामे

ऑटोहॉटकी २००३ पासून आहे आणि तिच्या चिन्हांची ओळख पाच मिनिटांत होते: ^ म्हणजे कंट्रोल, ! म्हणजे आल्ट, + म्हणजे शिफ्ट आणि # म्हणजे विंडोज कळ. इंटरनेटवर मिळणारी स्क्रिप्ट उतरवून घेताना मात्र ती कोणत्या आवृत्तीची आहे हे प्रथम पाहावे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत भाषेची रचना बदलली, आणि पहिल्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या बहुतेक स्क्रिप्ट तिच्यात चुका दाखवतात. स्वतःच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लागणारी आवृत्ती नमूद करण्याची सोय आहे, ती वापरावी. संगणक सुरू होताच स्क्रिप्ट चालू व्हायला हवी असेल तर तिचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवावा. कोणाची तरी अनोळखी स्क्रिप्ट न वाचता चालवणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाला देणे होय, कारण कळांवर पाळत ठेवणारे साधन आपण टंकलेले सर्व काही पाहू शकते.

ज्यांना स्क्रिप्ट लिहायची नाही त्यांच्यासाठी विंडोजवर पॉवर ऑटोमेट आणि मॅकओएसवर २०२१ च्या माँटेरेपासून शॉर्टकट्स हे ॲप आहे. दोन्हींत पायऱ्या एकाखाली एक ओढून ठेवायच्या असतात. पॉवर ऑटोमेटची डेस्कटॉप आवृत्ती घरगुती वापरास मोफत आहे, पण असा रचलेला पायऱ्यांचा क्रम ठरलेल्या वेळी आपणहून चालायला हवा असेल तर सशुल्क परवाना लागतो.

साधन कोणतेही असो, टिकाऊपणाची उतरंड सारखीच राहते. पडद्यावरच्या ठरावीक बिंदूवर क्लिक करणारी कृती सर्वांत ठिसूळ असते. खिडकी थोडी सरकली किंवा पडद्याचा आकार बदलला की ती भलत्याच बटणावर क्लिक करते. कळांनी मेन्यू चालवणारी कृती त्याहून बरी. फाइल, फोल्डर किंवा माहितीवर थेट आज्ञेने काम करणारी कृती सर्वांत भरवशाची, कारण तिला पडद्याशी काही देणेघेणे नसते. दोनशे फाइलींची नावे बदलायची असतील तर एफ२ दाबून टंकणारा मॅक्रो (म्हणजे साठवून ठेवलेली कृतींची मालिका) रचू नये. पॉवरटॉइजमधील पॉवररीनेम तेच काम आधी नमुना दाखवून करते. तसेच दोन पायऱ्यांमध्ये ‘तीन सेकंद थांब’ असे लिहिण्याऐवजी ‘अमुक नावाची खिडकी दिसेपर्यंत थांब’ असे लिहावे. संगणक संथ असला तर तीन सेकंद अपुरे पडतात, आणि मग पुढच्या कळा चुकीच्या खिडकीत जाऊन पडतात.

फाइली हलवणारी किंवा पुसणारी स्क्रिप्ट प्रथम नकली फोल्डरवर चालवावी. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून चालवण्याच्या साधनात, अशा बहुतेक आज्ञांना ‘व्हॉटइफ’ हा पर्याय जोडता येतो. तो जोडला की आज्ञा प्रत्यक्ष काही न करता काय केले असते एवढेच सांगते. एक्सेलमध्ये मॅक्रो चालवल्यावर आधीच्या कृतींची अनडू यादी रिकामी होते, तेव्हा मॅक्रोपूर्वी फाइल साठवणे सक्तीचे समजावे. आणि प्रत्येक लांब स्क्रिप्टमध्ये ती तत्काळ थांबवणारी एक कळ सर्वांत आधी लिहावी, बाकीचे नंतर.

ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांसाठी विंडोजचे टास्क शेड्युलर आहे, आणि त्याच्या दोन पूर्वनिश्चित सेटिंग्ज लॅपटॉपवर हमखास नडतात. एक, काम फक्त विजेच्या जोडणीवरच सुरू करण्याची अट आधीपासून लावलेली असते, त्यामुळे बॅटरीवर ते होतच नाही. दुसरी, वेळ हुकली तर नंतर लगेच चालवण्याचा पर्याय मुळात बंद असतो. शिवाय ‘वापरकर्ता लॉग-इन नसतानाही चालवा’ हे निवडले तर कामाला दिसणारा पडदाच मिळत नाही. खिडक्या उघडून क्लिक करणारी स्क्रिप्ट तिथे निमूटपणे फसते. ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या लिनक्सच्या क्रॉनमध्येही संगणक बंद असताना हुकलेली वेळ परत येत नाही. तिथे ॲनाक्रॉन किंवा सिस्टीमडीचा टायमर वापरावा. क्रॉनला आपल्या टर्मिनलमधील सर्व मार्ग ठाऊक नसतात, म्हणून आज्ञांचे पूर्ण मार्ग लिहावेत.

शॉर्टकट चालत नाही तेव्हा

शोध नेहमी त्याच पातळ्यांनी, पण उलट क्रमाने, म्हणजे प्रोग्रॅमपासून कीबोर्डकडे करावा. शॉर्टकट एकाच प्रोग्रॅममध्ये चालत नसेल तर दोष त्या प्रोग्रॅममध्ये किंवा त्याच्या अधिकारांत आहे. विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या प्रोग्रॅमला साध्या अधिकाराने चालणारे साधन कळा पाठवू शकत नाही. त्या साधनालाही तेवढेच अधिकार द्यावे लागतात, आणि ते गरजेपुरतेच द्यावेत. मॅकओएसमध्ये प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि इनपुट मॉनिटरिंग या दोन परवानग्या पाहाव्यात; त्या दिसत असूनही साधन गप्प असेल तर परवानगी काढून पुन्हा दिल्याने अनेकदा काम होते. मॅकवर पासवर्डच्या रकान्यात कर्सर असताना इतर प्रोग्रॅमना कळा दिसणे मुद्दाम बंद केलेले असते, आणि एखादा प्रोग्रॅम ही स्थिती उठवायला विसरला तर विस्तारक सगळीकडेच थंड पडतो. तो प्रोग्रॅम शोधून बंद करावा.

कुठेच चालत नसेल तर सर्व साधने बंद करून एकेक सुरू करत जावे. स्क्रीनशॉट, ग्राफिक्स कार्ड, बैठकींची ॲप यांनी जागतिक शॉर्टकट आधीच अडवून ठेवलेले असतात. त्यांच्या सेटिंग्जमधून ते मोकळे करावेत. दूरच्या संगणकावर काम करत असाल तर कळ अलीकडच्या संगणकाने पकडली की पलीकडच्या, हे आधी ठरवावे.

कार्यालयाच्या संगणकावर असे सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी संगणक विभागाची परवानगी घ्यावी. काही अँटीव्हायरस स्क्रिप्टपासून बनवलेल्या प्रोग्रॅमना संशयित ठरवतात, आणि काही ऑनलाइन खेळांत तर अशा साधनांमुळे खाते बंद होऊ शकते. परवानगी मिळतच नसेल, तर ज्याच्या फर्मवेअरमध्ये कळा बदलता येतात असा कीबोर्ड हा एक पर्याय उरतो. क्यूएमके या मुक्तस्रोत फर्मवेअरवर चालणाऱ्या कीबोर्डमध्ये बदल कीबोर्डच्या आतच साठवले जातात, संगणकाला ते दिसतही नाहीत, आणि तो कीबोर्ड ज्या संगणकाला जोडाल तिथे ते तसेच लागू होतात. बाकी सर्व साधनांच्या सेटिंग्जच्या फाइली एका फोल्डरमध्ये एकत्र ठेवाव्यात, त्या फोल्डरची प्रत दुसरीकडे असावी, आणि प्रत्येक शॉर्टकटशेजारी तो कशासाठी आहे याची एक ओळ लिहिलेली असावी.